येळवसेची भज्जी विकतची

2014 उजाडता उजाडता आलेली येळवस मी विसरत नाही. आमच्या लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यात मार्गशीर्षातली अमावस्या हा शेतातच करायचा सण. पुस्तकात वेळ अमावस्या, तोंडात येळवस. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि आंबिलीचं मडकं, बाजरीचे उंडे, खीर, भज्जी डोक्यावर घेऊन अख्खं घर शेतात न्यायचं. भज्जी म्हणजे कढईत तळलेली भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच, जे शिवारात असेल ते बेसन लावून शिजवायचं.

त्या साली पाऊस बरा झाला होता, सोयाबीनचे पैसेही हातात आले होते. आणि आदल्या दिवशी मी अहमदपूरच्या बाजारातून भज्जीचं सगळं सामान पिशवी भरून विकत आणलं. नऊ एकर रान, पण त्यात सोयाबीन सोडलं तर उशिरा पेरलेला थोडा हरभरा, अजून घाट्यावरही न आलेला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पिशवीत डोकावून पाहिलं. ‘‘येळवस शेताची हाय का बाजाराची?’’ एवढंच म्हणाल्या आणि शेंगा निवडायला बसल्या.

आज त्याच नऊ एकरांत शाळेची लेकरं येतात, नांदेड-लातूरची माणसं हुरड्याला येतात, दोन खोल्यांत कुणी कुणी राहतात. लोक विचारतात, बाई, हे जमलं कसं? जमलं त्यापेक्षा फसलं जास्त. त्यातलंच थोडं सांगते.

1. आधी सातबारा

पाहुण्यांचं, सेंद्रियचं, सगळं नंतर. आधी नाव. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या रानात निंदलं, खुरपलं, वेचलं. पण कागदावर मी कुठंच नव्हते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडला 1986 मध्ये महिला अधिवेशन घेतलं, पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगावच्या पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. 1992 मध्ये सरकारनंही नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. म्हणजे सोय जुनी होती. आमच्या घरी ती पोचायला वीस वर्षं लागली.

आमचे मालक जिल्हा परिषदेचे शिक्षक, स्वभावानं मऊ. अर्ज त्यांनीच लिहिला. ज्या कार्यालयात दिला तिथल्या माणसानं माझ्यासमोर त्यांना विचारलं, ‘‘सर, घरात काही वाद हाय का?’’ बायकोचं नाव लावायचं म्हणजे वादच असणार! चार खेपा झाल्या. पुढं बक्षीसपत्रानं अर्धं रान माझ्या एकटीच्या नावे झालं, मुद्रांक नाममात्र लागला. नाव लागल्यावर पीककर्ज माझ्या सहीवर, पीकविमा माझ्या नावे, आणि राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं तेव्हा पर्यटन संचालनालयाकडं नोंदणीचा अर्ज करायला मला कुणाची चिठ्ठी लागली नाही. अर्जदार म्हणून माझंच नाव लिहिताना पेन जरा थांबला होता, हे कबूल करते.

2. एक एकर मागून घ्या

माझी मावसबहीण औसा तालुक्यात दिलेली. तिच्याकडं गेले तेव्हा तिच्या दाराशी एका एकराच्या तुकड्यात मला मोजता येईनात इतकी पिकं दिसली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बायकांनी तिला ते शिकवलं होतं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांनी हे काम उभं केलं. दुष्काळात त्याचं ‘एक एकर’ झालं. बाईनं घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागायचा, त्यात काय लावायचं ते तिनं ठरवायचं, आधी घरच्या ताटापुरतं आणि उरलं तर विकायचं. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. माझ्या बहिणीला त्या पुरस्काराचं फारसं काही नव्हतं. तिला कौतुक होतं ते दुष्काळातही बाजारातून डाळ न आणल्याचं.

मी घरी येऊन एक एकर मागितला. मालक म्हणाले, ‘‘नाव तर लावलंय, आता मागतीस कशाला?’’ मागायला लागतं. नाव कागदावर असलं तरी काय पेरायचं हे पुरुषच ठरवतात. ती सवय सातबाऱ्यानं मोडत नाही. विहिरीजवळचा तुकडा मिळाला. खरिपात तुरीच्या ओळी, मधे मूग, उडीद, चवळी. कडेला तीळ, अंबाडी, भेंडी, गवार. रब्बीत ज्वारी, हरभरा, जवस, करडईचं काटेरी कुंपण, पाटाच्या कडेनं मेथी, चुका, कोथिंबीर, गाजर. युरियाची गोणी या तुकड्यात येऊ द्यायची नाही हे मी ठरवलं, कारण आमच्या देवणी गाईचं शेण होतंच. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा प्रकारची गाय. आत्याबाईंच्या माहेरची, देवणीकडची.

आता खरी गोष्ट सांगते. पाहुण्यांचा धंदा या एका एकरातून निघाला, पाहुण्यांसाठी म्हणून हा एकर निघाला नाही. मालकांच्या शाळेतले दोन सर सहकुटुंब जेवायला आले. पानात सात-आठ जिन्नस होते आणि सगळे तिथून पन्नास पावलांवर उगवलेले. जाताना एकानं विचारलं, आमच्या लोकांना आणलं तर पैसे घ्याल का? सोयाबीनच्या नऊ एकरांत त्याला मी काय वाढलं असतं?

3. पाणी मोजून

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापले. आम्ही त्या गाडीपासून लांब डोंगराच्या कडेला, आमची विहीर तळाला गेलेली. त्या उन्हाळ्यानंतर बालाघाटाच्या उतारावर राहणाऱ्या माणसानं पाण्याचा हिशेब कधी सोडू नये.

आम्ही शेततळं केलं, उतार आडवा बांधला, सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घेऊ लागलो. पाऊस लांबला तर सरीत ओल धरते, फार झाला तर सरीतूनच पाणी निघून जातं. आणि पाहुण्यांच्या न्हाणीत शॉवर बसवला नाही. बादली, तांब्या. एका ताईंनी नाक मुरडलं. त्यांना विहिरीकडं नेलं, दोर सोडून पाणी किती खाली आहे ते दाखवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ध्या बादलीत अंघोळ केली आणि ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटल्या. दर वेळी असं होत नाही. काही जण परत येत नाहीत, येऊ नयेत.

4. हुरडा थांबत नाही

पहिल्या वर्षी मी सगळी ज्वारी एकाच दिवशी पेरली. दाणा दुधाळ संपून चिकात भरला, हुरड्याला आला, आणि आठ-दहा दिवसांत टणक झाला. त्या दहा दिवसांत एकच रविवार होता. तीन रविवारचे पैसे आगाऊ घेऊन बसलेली मी! शेवटच्या रविवारी लोकांना आगटीभोवती बसवून बाहेरून विकत आणलेली कणसं भाजली. कुणाला कळलं नाही. मला कळलं, पुरे झालं.

आता सप्टेंबरच्या मध्यापासून आठ-आठ दिवसांनी चार टप्पे पेरते. थोडी गूळभेंडी, थोडी सुरती. बाकी खायची नेहमीची. आगटीला गोवऱ्याच पाहिजेत, लाकडाच्या जाळानं कणीस वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कणीस राखेतून काढून हातावर चोळणाऱ्याचे तळवे भाजतात, म्हणून ते काम शिकाऊ माणसाला देऊ नये. पाहुण्यांना दोन कणसं चोळून बघू द्यावं, मग आपण चोळावं. शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, दही, गूळ. शेव नको. शहरात हुरड्याबरोबर शेव देतात म्हणे, देवोत.

5. मूठ आणि गाठी

शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या लेकरांना दहा दिवस दप्तराविना शिकवायचं असं आलं, त्यानंतर शाळांचे फोन वाढले. बरोबरचे काही शिक्षक रांगेतून फिरवायला बघतात. ही तूर, ही करडई, लिहा. मी वही बाहेर ठेवायला लावते.

पेरणीच्या दिवसांत आलेल्या वर्गाला मी तिफण दाखवत नाही, चाड्यावर मूठ धरायला देते. आमच्याकडं हे काम बाईचं. बैल तिफण ओढतात, बाई मागून चालते आणि मुठीतलं बी चाड्यात सोडते. बोटं सगळी उघडली की एका जागी ढीग पडतो, आवळली की ओळ मोकळी राहते. अंगठा आणि पहिल्या बोटानं दाणे पुढं लोटायचे, चाल बैलाची पण वेग अंगठ्याचा. सातवीतला एक मुलगा तीन ओळी चालला, त्याचं अर्धं बी एका कोपऱ्यात पडलं. पंधरा दिवसांनी त्याच्या सरांना मी फोटो पाठवला, कोपऱ्यात दाटीनं उगवलेला उडीद आणि पुढं मोकळी ओळ. त्यानं तो फोटो वर्गात लावला म्हणे.

दुसरी गोष्ट लातूरच्या शिकवणीवाल्या लेकरांची. डॉक्टर व्हायचं म्हणून कुठकुठून येऊन लातुरात राहणारी ही लेकरं, सकाळ-संध्याकाळ नीटचे प्रश्न सोडवणारी. डिसेंबरात एका रविवारी दहा-बारा जणी आल्या. एकजण सारखी फोनवर प्रश्नसंच बघत होती. मी तिला म्हटलं, ‘‘माय, जरा हे उपट.’’ हरभऱ्याचं रोप. तिनं मुळाची माती झटकली, गाठी दिसल्या. ‘‘रायझोबियम,’’ म्हणाली, नत्र कसं स्थिर होतं ते सगळं एका श्वासात सांगितलं. मी म्हटलं, एक गाठ नखानं फोड. फोडली. आतून गुलाबी, हिरडीसारखी. ती गप्प झाली. मग हळूच, ‘‘लेगहिमोग्लोबिन.’’ तिनं तो शब्द शंभरदा पाठ केला असेल, त्याचा रंग पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या पाणथळ जागेतलं रोप उपटायला लावलं, त्याच्या गाठी आतून मळकट होत्या. का, ते तिनंच सांगितलं. मुळांना हवा नाही. मी दहावी शिकलेली. त्या दिवशी लेगहिमोग्लोबिन हा शब्द मी तिच्याकडून वहीत लिहून घेतला.

6. विहिरीला कठडा

हा धडा लिहायला लाज वाटते. पहिली दोन वर्षं आमच्या विहिरीला कठडा नव्हता. आपली लेकरं जन्मापासून विहिरीकडं बघतात, त्यांना भीती माहीत असते. शहरातलं लेकरू विहीर दिसली की पळत जातं. एकाची चप्पल आत पडली आणि तो ती बघायला वाकला. आमच्या सालगड्यानं मागून सदरा धरला. ते पोरगं हसत होतं. मी रात्रभर झोपले नाही.

आठ दिवसांत कठडा आणि लोखंडी जाळी. कुणी शेतावर माणसं बोलवायचं म्हणत असेल तर खोल्या, झोके, फलक सगळं राहू द्या. आधी कठडा, मग संडास, मग सर्पदंशावरचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं आणि तिथं पोचायला किती मिनिटं लागतात ते स्वतः जाऊन बघा. हुरड्याच्या रात्री अनवाणी फिरू द्यायचं नाही, मग पाहुणा कितीही मातीचा भक्त असो.

7. पैसे मागायला शिका

आमच्याकडं येळवसेला रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. अशा घरात वाढून ‘ताटाचे तीनशे पन्नास’ म्हणताना माझी जीभ अडायची. पहिले काही महिने मी ‘द्या काय द्यायचे ते’ म्हणत असे. लोक मनापासून हात जोडत आणि शंभराची नोट ठेवत.

बाजारानं मला शिकवलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, तेव्हा आमच्याकडं पोत्यात दाणा नव्हता. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून खालीच विकावं लागलं. माझ्या मालाचा भाव दुसरा कुणीतरी ठरवतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. ताटाचा भाव मी ठरवते. मग लाजायचं कशाला?

आणि इसार घ्या. सहली भरवणाऱ्या एकानं चाळीस माणसं सांगितली, आम्ही पहाटेपासून सहा बायकांनी भाकरी थापल्या, दुपारी फोन लागेना. भाकरी गावात वाटल्या. बायकांची मजुरी मात्र मी त्याच संध्याकाळी दिली, कारण त्यांनी काम केलं होतं.

बारामतीकडं पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये कृषी पर्यटनाची सुरुवात केली, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण त्यांच्या पाठीशी पुणे आहे. आमच्याकडं शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागत नाही. म्हणून शेतीचं उत्पन्न सोडून पाहुण्यांच्या भरवशावर खोल्यांसाठी कर्ज काढू नये. आमच्या दोनच खोल्या आहेत आणि पाहुणे नसले की त्यांत कांदा पसरतो.

8. हरणं

पाहुण्यांना पहाटे हरणांचा कळप दिसला की ते श्वास रोखून उभे राहतात. मीही उभी राहते. माझं कोवळं सोयाबीन किती खाल्लं ते मोजत. दोघांनी एकाच गोष्टीकडं बघायचं आणि दोघांनी वेगळं बघायचं. यावर माझ्याकडं उपाय नाही. रात्री राखणीला कुणी येतं का, असं एकदा पाहुण्यांना विचारून पाहिलं, तर दोन तरुण हौसेनं आले, बारा वाजेपर्यंत डबे बडवले आणि झोपले. हरणं तीनला आली.

9. आत्याबाईंचं जातं

आत्याबाई पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. पाहुण्यांना त्यांचं फार कौतुक. एकदा एका बाईंनी त्यांना जात्यावर बसून दाखवा म्हणून गळ घातली, फोटोसाठी. त्या बसल्या, दोन फेरे झाले, फोटो झाला, बाई उठल्या. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘आगं, दळण तरी घालू दे. मोकळं जातं फिरवलं तर दगडाला दगड खातो.’’ तेव्हापासून नियम केला. जात्यावर बसायचं असेल तर पावशेर हरभरा भरडायचा आणि त्याच डाळीचं पिठलं खायचं. बहुतेक जण पाच मिनिटांत दमतात, काही घाम पुसत पुरं करतात.

नांदेडच्या हुजूर साहिबला आलेलं पंजाबातलं एक शेतकरी कुटुंब एकदा कुणाच्यातरी ओळखीनं आलं होतं. आजोबांनी ज्वारीत उभं राहून विचारलं, पाणी किती पाळ्या? मी म्हटलं, एकही नाही, जमिनीतल्या ओलीवर. त्यांना पटेना. त्यांनी काळ्या मातीत बोट खुपसलं, मनगटापर्यंत हात गेला, बाहेर काढून माती पिळून बघितली. नंतर ते आत्याबाईंपाशी जाऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अर्धा तास बोलत होते.

10. येळवस फुकट

वर्षभर दर आहे, येळवसेला नाही. त्या दिवशी नोंदणी नाही, फलक नाही, कोपीपाशी जो येईल तो जेवतो. संध्याकाळी पेटलेला हेंडगा, म्हणजे टेंभा, घेऊन रानाभोवती पळणाऱ्या पोरांत कधी पाहुण्यांची पोरं मिसळतात, कळत नाही. त्या दिवसाचं ‘पॅकेज’ करा असं मला पुष्कळांनी सुचवलं. ऐकून घेते.

2025 च्या सप्टेंबरात पाऊस थांबेना. मूग-उडदाच्या शेंगा झाडावरच उगवल्या, विहिरीजवळच्या तुकड्यात तुरीच्या मुळांशी आठवडाभर पाणी उभं राहिलं आणि तूर पिवळी पडून वाळली. माझा तो एक एकर, ज्याच्या गोष्टी मी लेकरांना सांगते. डिसेंबरात येळवस आली. सोलाणे घरचे, चुका, मेथी, पात, गाजर घरचं, चिंच बांधावरची. तुरीचे दाणे नव्हते. मी पिशवी घेऊन बाजाराला निघालेच होते, तेवढ्यात वरच्या माळावरच्या जाऊबाईंचं पोरगं सायकलवर डबा घेऊन आलं. त्यांची तूर उतारावर होती, तगली. डबाभर ओले दाणे. आत्याबाईंनी ते सुपात घेतले, किडके दोन-तीन बाजूला काढले आणि रिकाम्या डब्यात चुक्याची जुडी कोंबून पोराच्या हातात दिली.